गुप्त ग्राहक आणि गल्ल्यावरचा माणूस

१. असं काम खरंच असतं का?

सुपरमार्केटमध्ये जायचं, ठरलेलं सामान विकत घ्यायचं, घरी येऊन अहवाल लिहायचा. सामानाचे पैसे परत मिळतात आणि वर थोडा मेहनतानाही. ‘मिस्ट्री शॉपर’ म्हणजे गुप्त ग्राहकाच्या कामाबद्दल पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास विचारतो की हे खरं आहे, की यात काही गोम आहे? काम खरं आहे आणि त्याच्या नावावर चालणारी फसवणूकही खरी आहे. फसवणुकीचा अमेरिकेतला नेहमीचा प्रकार असा. ‘तुमची निवड झाली’ असं कळवून मोठ्या रकमेचा चेक घरी पाठवला जातो. तो आपल्या खात्यात भरा, थोडे पैसे स्वतःला ठेवा, उरलेल्यांची गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे नंबर आम्हाला कळवा, असं सांगितलं जातं. चेक खोटा असल्याचं बँकेच्या लक्षात येईपर्यंत काही दिवस जातात. तोवर पैसे हातचे गेलेले असतात आणि बँक भरपाई खातेदाराकडूनच मागते. तिथला फेडरल ट्रेड कमिशन हा सरकारी आयोग वर्षानुवर्षं याबद्दल सावध करत आला आहे. आपल्याकडे घरबसल्या ‘टास्क’ पूर्ण करून पैसे मिळवा म्हणणारे मेसेज याच जातीचे. त्यात कोणी अडकलाच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. ओळखण्याची खूण एकच आणि सोपी: खरी एजन्सी काम देण्यासाठी पैसे मागत नाही आणि चेक पाठवून ते फिरवायलाही सांगत नाही.

खऱ्या कामाची पद्धत बरीच कंटाळवाणी आहे. दुकानांची साखळी हे काम एखाद्या एजन्सीकडे सोपवते. एजन्सी आपल्या यादीतल्या लोकांना कळवते: अमुक दुकान, अमुक तारखांच्या दरम्यान, संध्याकाळी पाच ते सात. काम घेणाऱ्याला आधी लांबलचक सूचना वाचाव्या लागतात आणि बहुधा त्यांवरची छोटी चाचणीही द्यावी लागते. दुकानात त्यानं इतरांसारखंच वागायचं. फळं निवडायची, चीज कापून देणाऱ्या काउंटरवर थांबायचं, एखाद्या कर्मचाऱ्याला मुद्दाम ‘व्हिनेगर कुठे मिळेल?’ असं विचारायचं आणि तो नुसता हात दाखवतो की रॅकपर्यंत सोबत येतो ते बघायचं. वही काढून टिपणं घ्यायची सोय नाही. वेळा आणि नावं डोक्यात ठेवायची. बिल जपायचं आणि ठरलेल्या मुदतीत, बहुतेकदा एका दिवसाच्या आत, प्रश्नावली भरून पाठवायची. एजन्सीतला तपासनीस ती वाचतो, अर्धवट उत्तरं परत पाठवतो आणि मग पैसे मिळतात. हा ग्राहक कोणाचाही नोकर नसतो, कामागणिक पैसे घेणारा असतो. एवढ्यावर घर चालवण्याची स्वप्नं बघू नयेत. जोडधंदा म्हणूनही तो बेताचाच.

या प्रकरणाचा खरा विषय मात्र पुढचा आहे. हा अहवाल नेमकं काय मोजतो? त्यावर किती विसंबावं? आणि तो कोणाच्या विरुद्ध वापरावा?

२. चोर पकडण्यासाठी जन्मलेलं साधन

या कामाची मुळं किराणा दुकानात नाहीत, आगगाडीत आहेत. अमेरिकेतले प्रसिद्ध खासगी गुप्तहेर अ‍ॅलन पिंकर्टन यांच्या संस्थेनं १८६७ साली एक पुस्तिका काढली होती. तिचा विषय होता रेल्वेच्या कंडक्टरांवर घेतलेल्या चाचण्या. प्रवासी म्हणून गाडीत बसलेला हेर भाडं देई आणि ते कंपनीच्या तिजोरीत गेलं की कंडक्टरच्या खिशात, हे नंतर ताडून पाहिलं जाई. १९४० च्या दशकात विल्मार्क या कंपनीनं ‘मिस्ट्री शॉपिंग’ हे नाव रूढ केलं, तेव्हाही हेतू तोच होता: दुकानातला आणि बँकेतला नोकर रोख रकमेत हात मारतो का? दुकानाची स्वच्छता, सेवा, कर्मचाऱ्याचं बोलणं या गोष्टी यादीत नंतर आल्या. नेवाडा राज्यात आजही हे काम खासगी गुप्तहेरांच्या परवान्याच्या कायद्याखाली येतं. या व्यवसायाचं गोत्र त्यावरून कळावं.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. चोर पकडायचा असेल तर प्रश्न ‘कोण?’ असाच असतो. सेवा मोजायची असेल तर प्रश्न ‘किती वेळा?’ आणि ‘का?’ असा व्हायला हवा. साधनाचं काम बदललं, पण त्याची सवय बदलली नाही. आजही किराणा दुकानाच्या प्रश्नावलीत कॅशियरच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव लिहायला सांगतात. पट्टी नसेल तर उंची, केस, चष्मा असं वर्णन मागतात, जणू फरारी आरोपीचंच. गुप्त ग्राहकाचा अहवाल हा दुकानाच्या व्यवस्थेबद्दलचा पुरावा म्हणून मोलाचा आहे, पण एका माणसाबद्दलचा निवाडा म्हणून तो फार कच्चा आहे. असं का, ते एकेक पायरी चढत पाहू.

३. दोन जातींचे प्रश्न

प्रश्नावलीतले प्रश्न वरवर सारखे दिसले तरी ते दोन जातींचे असतात. पहिल्या जातीच्या प्रश्नांना वस्तूच उत्तर देते. दुधाच्या पिशवीवरची मुदत उलटून गेली होती का? रॅकवर लिहिलेला भाव आणि बिलात लागलेला भाव एकच होता का? रांगेत किती माणसं होती आणि किती गल्ले उघडे होते? ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात मुद्दाम ठेवलेला पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा कॅशियरनं वाकून पाहिला, की तो बिलाविना बाहेर गेला? अंडी आणि पाव पिशवीत वर ठेवले, की बटाट्यांच्या खाली? यांची उत्तरं दोन वेगवेगळ्या माणसांनी दिली तरी सहसा एकच येतात. त्यातून कधीकधी समजुतीला धक्का देणारं काही हाती लागतं. फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ साली दुकानांतल्या बारकोड यंत्रांची तपासणी केली, तेव्हा साधारण दर २१ वस्तूंमागे एकीचा भाव चुकलेला निघाला. पण ग्राहकाला जास्त पैसे पडल्याचे आणि कमी पडल्याचे प्रसंग जवळपास सारखेच होते. म्हणजे ‘दुकानदार यंत्राआडून लुटतो’ या सरसकट समजुतीला आधार मिळाला नाही. रोग निष्काळजीपणाचा निघाला. फुकट मिळालेल्या दोन रुपयांची तक्रार कोणी करत नाही, म्हणून तो एरवी दिसत नव्हता.

दुसऱ्या जातीच्या प्रश्नांना उत्तर देतो तो बघणारा. कर्मचारी आपुलकीनं बोलला का? त्याचं हसू मनापासूनचं होतं का? मदत करायला तो उत्सुक दिसला का? इथे मोजपट्टी ग्राहकाच्या मनात आहे, आणि ती दर माणसागणिक, कधीकधी त्याच माणसाच्या भुकेगणिक, बदलते. प्रश्नावलीत मात्र दोन्ही जातींना सारखेच गुण असतात आणि सगळ्यांची बेरीज होऊन शेवटी ८७ टक्के असा एक आकडा निघतो. मुदत संपलेलं दूध आणि अपुरं हसू यांची बेरीज करून येणाऱ्या आकड्याला नक्की काय म्हणायचं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

४. शितावरून भात

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात आणि ती बरोबर ठरते. कारण भांडं एक, पाणी एक, आच एक. सगळी शितं जवळपास एकाच वेळी शिजतात, म्हणून एक दाबून पाहिलं तरी पुरतं. माणसाच्या वागण्याचं तसं नाही. सकाळी दहाचा कॅशियर आणि संध्याकाळी सातचा तोच कॅशियर यांत बराच फरक असतो. मग एका भेटीवरून त्याला तोलता येईल का?

छोटा हिशेब करून पाहू. समजा, एक कॅशियर शंभरातल्या ८० ग्राहकांकडे बघून नीट ‘हॅलो’ म्हणते. कोणीही तिला चांगलीच म्हणेल. गुप्त ग्राहक महिन्यातून एकदा येतो. एका भेटीत ती उत्तीर्ण होण्याची शक्यता ०.८. सलग तीन महिने उत्तीर्ण होण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१. याचा अर्थ, तीन महिन्यांत निदान एकदा तिच्या नावापुढे फुली पडण्याची शक्यता जवळपास निम्मी! आता तिचा सहकारी घ्या. तो निम्म्याच ग्राहकांना ‘हॅलो’ म्हणतो. तिन्ही भेटींत तो निर्दोष सुटण्याची शक्यता ०.५ गुणिले ०.५ गुणिले ०.५, म्हणजे आठात एक. अशी माणसं आठ असतील, तर सरासरीनं त्यांतल्या एकाला तिमाहीचं बक्षीस मिळेल आणि चांगलं काम करणाऱ्या कित्येकांना समज. यात कोणाचा कपटभाव नाही, हा नुसता संख्येचा खेळ आहे.

हाच अहवाल दुसऱ्या अंगानं वाचा. साखळीची ५० दुकानं, प्रत्येकात वर्षाला १२ भेटी, एकूण ६०० भेटी. त्यांपैकी ८० टक्के भेटींत ‘हॅलो’ म्हटलं गेलं असेल, तर खरं प्रमाण साधारण ७७ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान आहे असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. अट एवढीच की भेटींचे दिवस आणि वेळा सोयीनं निवडलेल्या नसाव्यात. कॅशियरबद्दल काहीच न सांगू शकणारी माहिती साखळीबद्दल पुष्कळ सांगून जाते.

५. डोक्यातली वही

संख्या वाढवली तरी दुसऱ्या जातीच्या प्रश्नांची एक अडचण उरतेच. गुप्त ग्राहकाला दुकानात लिहायची मुभा नाही, म्हणजे अहवालाचं मूळ साधन त्याची स्मरणशक्ती. मॉरिसन, कोलमन आणि प्रेस्टन या ब्रिटिश संशोधकांनी १९९७ साली नेमकी हीच बाजू तपासली आणि दाखवलं की पाहणं, लक्षात ठेवणं आणि आठवणं या तिन्ही टप्प्यांवर चूक शिरू शकते. भाव आठवला नाही तर बिल बघता येतं. कॅशियरचा सूर आठवला नाही तर मन ती जागा आपल्या अंदाजानं भरून काढतं, आणि आपण अंदाज करतोय हे त्या ग्राहकालाच कळूही देत नाही. त्यात ‘हेलो इफेक्ट’ची भर. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. ज्याला शरीरयष्टीत चांगले गुण, त्यालाच बुद्धीत आणि चारित्र्यातही चांगले, असं आढळलं. एका गुणाची प्रभा बाकीच्यांवर पडते. सांडलेल्या दुधाचा वास घेत आत आलेला ग्राहक कॅशियरचं हसूही दोन गुणांनी कमीच मोजतो.

६. हसण्याचे गुण

सेफवे ही अमेरिकेतली जुनी किराणा साखळी. १९९० च्या दशकात तिनं ग्राहकसेवेची मोहीम राबवली. कर्मचाऱ्यांनी ग्राहकाच्या डोळ्याला डोळा भिडवावा, हसावं, चेक किंवा कार्डावरचं नाव वाचून नावानिशी आभार मानावेत, सामान गाडीपर्यंत नेऊन देऊ का असं विचारावं. हे होतंय की नाही ते बघायला गुप्त ग्राहक नेमले होते आणि कमी गुण मिळालेल्यांना प्रशिक्षणाला पाठवलं जाई. १९९८ साली कॅलिफोर्नियातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी रीतसर तक्रारी केल्या. त्यांचं म्हणणं असं की सक्तीच्या हसण्याचा आणि डोळ्यांत बघण्याचा काही पुरुष ग्राहक भलताच अर्थ काढतात आणि त्यांचा त्रास आम्हाला होतो. समोरचा ग्राहक गुप्त असू शकतो, त्यामुळे नकोशा माणसाकडे पाठ फिरवण्याचीही चोरी. कंपनीनं आपल्या कार्यक्रमाची बाजू घेतली. वाद गाजला.

यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास मांडला आणि ‘भावनिक श्रम’ ही कल्पना पुढे आणली. ट्रे उचलणं हे जसं काम, तसंच राग गिळून हसतमुख राहणं हेही कामच. त्यानंही माणूस थकतो. हसण्याला गुण लावले की ते पोत्यासारखं उचलायचं ओझं होतं, आणि त्याचं वजन मात्र पगारपत्रकात कुठेच येत नाही. दुसरी गोष्ट चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाची. त्यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाविषयी बोलताना एक निरीक्षण नोंदवलं. पुढे त्याचं सार असं रूढ झालं: एखादं माप हेच उद्दिष्ट बनवलं की ते चांगलं माप राहत नाही. हसू हे समाधानी कर्मचाऱ्याचं आणि बऱ्या चाललेल्या दुकानाचं लक्षण होतं, तोवर ते पाहण्यात अर्थ होता. त्याला गुण लागले आणि ते गुणांसाठी होऊ लागलं. आता दुकान कसं चाललंय हे त्यावरून ओळखता येत नाही. ताप मोजायचा सोडून तापमापकच बर्फात बुडवण्याचा प्रकार.

७. जिथे ही पद्धत खरी उतरते

मग हे सगळं थोतांडच म्हणायचं का? मुळीच नाही. प्रश्न पहिल्या जातीचा असेल, भेटी पुष्कळ असतील आणि दुकानं चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी निवडलेली असतील, तर याच पद्धतीनं फार मोलाची माहिती मिळते. अमेरिकेत १९९२ साली सिनार दुरुस्ती नावाचा कायदा झाला. अल्पवयीन मुलांना तंबाखू विकली जाते का हे प्रत्येक राज्यानं अचानक तपासण्या करून पाहायचं, असं त्यात ठरलं. मोठ्यांच्या देखरेखीखाली लहान वयाची मुलं किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर जाऊन सिगारेट मागतात. मिळते किंवा मिळत नाही, मधलं उत्तर नाही. १९९७ मध्ये सुमारे ४० टक्के दुकानांनी सिगारेट दिली होती. २००६ च्या सुमारास हे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत उतरलं. सगळं श्रेय तपासण्यांना देणं चूक ठरेल, कायदेही त्या काळात कडक झाले. पण घट झाली हे कळलं ते या तपासण्यांमुळेच.

आपल्याकडचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई आणि पाटणा इथल्या ६२२ औषध दुकानांत प्रशिक्षित ‘रुग्ण’ पाठवले होते. एकूण भेटी १२००. काहींनी क्षयासारखी लक्षणं सांगितली, काहींनी क्षय असल्याचा थुंकीचा अहवालच दाखवला. नुसत्या लक्षणांवर योग्य सल्ला मिळाला तो अवघ्या १३ टक्के भेटींत. अहवाल दाखवल्यावर ६२ टक्के. पण केमिस्ट क्षयाची मुख्य औषधं चिठ्ठीविना देतात, ही सर्वत्र बोलली जाणारी गोष्ट? एकाही दुकानानं ती दिली नाहीत. यात कुठल्याही केमिस्टचं नाव जाहीर करण्याची गरज पडली नाही. नुसत्या खोकल्याच्या रुग्णाला डॉक्टरकडे पाठवण्याची सवय दुकानांना लावायला हवी, एवढं धोरण आखणाऱ्यांना कळलं आणि तेच हवं होतं. वैधमापन खातं बनावट ग्राहक पाठवून छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले जातात का, माप कमी भरतं का हे पाहतं, तेही याच जातीचं काम. आकडा पिशवीवर छापलेला असतो, त्याबद्दल कोणाच्या मताला जागा नाही.

८. आक्षेप

पहिला आक्षेप नीतीचा: ही फसवणूकच नाही का? खोटं रूप घेऊन कोणाला तपासणं सभ्य नाही हे खरं. पण खोटेपणाची मात्रा कमी करता येते. वर्षभरात अशा भेटी होतील आणि त्यांत अमुक गोष्टी पाहिल्या जातील, हे कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं तर लपलेला असतो तो फक्त दिवस. बाजार संशोधनाच्या क्षेत्रातले आचारसंकेत याच दिशेचे आहेत. सूचना दिल्यावर लोक सावध होतील आणि निकाल बिघडेल, अशी भीती काही व्यवस्थापक बोलून दाखवतात. कर्मचारी वर्षभर सावध राहिले, तर मुदत संपलेलं दूध वर्षभर वेळेवर उचललं जाईल. हे बिघडणं कोणाला नको आहे?

दुसरा आक्षेप काळाचा: कॅमेरे आहेत, इंटरनेटवर ग्राहकांची मतं आहेत, मग माणूस पाठवायचा कशाला? कॅमेऱ्याला रांग दिसते, पण ‘या बिस्किटात शेंगदाणे आहेत का?’ या प्रश्नाला मिळालेलं चुकीचं उत्तर कळत नाही, आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला तेच महत्त्वाचं. मतं लिहायला बसतात ते बहुधा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले. दूध-पाव घेऊन निमूट घरी गेलेल्या बहुसंख्यांचा त्यात पत्ता नसतो. गुप्त ग्राहक त्या निमूट माणसाच्या जागी उभा राहतो. हे काम दुसऱ्या कुठल्या साधनानं अजून नीट जमलेलं नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. नावच घ्यायचं नाही, तर जबाबदार कोणाला धरायचं? इथे सरसकट उत्तर चालणार नाही. लहान मुलाला सिगारेट विकली किंवा बिल न करता पैसे घेतले, तर एकच प्रसंगही पुरेसा आहे. पण तो बिलानं किंवा कॅमेऱ्यानं सिद्ध व्हावा आणि कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलेलं असावं. सेवेच्या बाबतीत मात्र नावामागे लागलं की खरा दोष नजरेआड होतो. वरच्या ६०० भेटींचे अहवाल वेळेनुसार मांडले आणि ‘हॅलो म्हटलं नाही’ या फुल्या संध्याकाळी सहा ते आठमध्ये दाटलेल्या दिसल्या, असं समजा. त्याच भेटींत रांगेत आठ-नऊ माणसं आणि सहापैकी दोनच गल्ले उघडे, अशी नोंद आहे. मागे इतकी माणसं खोळंबली असताना ‘हॅलो’ न म्हणता भराभर बिल करणारा कॅशियर कदाचित रांगेतल्या सगळ्यांची सोयच बघत असतो. अहवालातली कॅशियरांची नावं खोडून टाकली तरी हा निष्कर्ष जागचा हलत नाही. बाकीचे चार गल्ले गर्दीच्या वेळी बंद का होते, याचं उत्तर मात्र गल्ल्यावर कोणाकडेच नसतं. ते पाळ्या लावणाऱ्याकडे मागावं लागतं, आणि त्याच्या नावाचा रकाना प्रश्नावलीत नसतो.